श्रीहस्त

लघवीतून रक्त जातंय हे हेमांगी तगारेने बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. दुखत काहीच नव्हतं. सांगलीच्या तलावावर ती सकाळ-संध्याकाळ मुलींना पोहायला शिकवायची, साठी उलटली तरी स्वतः पाण्यात उतरली की तरुण बायकांना मागे टाकायची. मागे एकदा मुतखडा झाला होता, तसंच काहीतरी असेल म्हणून तिने पाणी जास्त प्यायला सुरुवात केली. मग एका सकाळी लघवी कोकम सरबतासारखी लाल झाली, आणि सांगलीतल्या डॉक्टरांनी तपासून सरळ मिरजेची वाट दाखवली.

"तिकडे नको," ती म्हणाली.

"मॅडम, असल्या केसेस आता सगळे तिकडेच पाठवतात. आमच्याकडे कुणी करत नाही."

मिरजेच्या त्या रुग्णालयात पाऊल ठेवायचं नाही असं तिने सव्वीस वर्षांपूर्वी ठरवलं होतं. दारातून आत शिरताच समोरच्या भिंतीवर तिला तिच्या नवऱ्याचा फोटो दिसला. घटस्फोटित नवऱ्याचा, आणि तो आता हयातही नव्हता. डॉ. श्रीरंग खासनीस. चंदनाचा हार, खाली समई, आणि समईच्या वर पितळी अक्षरांत एकच शब्द: श्रीहस्त. बाकावर बसलेली एक म्हातारी उठली, फोटोला हात जोडून पुन्हा जागेवर बसली. हेमांगीने मान फिरवली.

तिला तपासणारा डॉक्टर तरुण होता. तौफिक मुजावर.

"माझी बहीण तुमच्याकडे शिकली, मॅडम. फरीन."

"बटरफ्लाय छान मारायची," हेमांगी म्हणाली. "लग्न झालं आणि सोडलंन्."

"पुन्हा सुरू केलंय. मुलीला घेऊन जाते." तो हसला आणि मग स्कॅनकडे वळला तसं त्याचं हसू गेलं. "डाव्या किडनीच्या तोंडाशी एक खडा आहे. त्याचं काही नाही. पण आत, वरच्या कप्प्यात, हे बघा. शेवाळासारखं हलतंय ना? ती गाठ आहे. कॅन्सरची, पण हळू वाढणाऱ्या जातीची वाटते."

हेमांगीने पडद्याकडे पाहिलं. तलावाच्या जुन्या भिंतीवर पाण्याखाली असतं तसंच शेवाळ होतं ते.

"अशा वेळी आम्ही सरळ ती किडनी काढून टाकतो. माणूस एका किडनीवर आरामात जगतो. पण तुमची उजवी..." त्याने चित्र सरकवलं. "आक्रसून लिंबाएवढी झालीय. कामच करत नाही. ही जन्मापासून अशी नाही, मॅडम. कधीतरी इथे जबरदस्त मार बसलाय."

"बाथरूममध्ये पडले होते."

इतक्या वर्षांनी विचारूनही उत्तर कसं घडी न मोडता बाहेर आलं. तिची तिलाच चीड आली.

मुजावरने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, पण पुढे विचारलं नाही. "म्हणजे डावी काढली तर आयुष्यभर डायलिसिस. ती वाचवायची असेल तर गाठ आतल्या आत, लघवीच्या वाटेनेच जाऊन काढायची. ते श्रीहस्त करेल."

श्रीहस्त म्हणजे दुर्बिणीने ऑपरेशन करणारं यंत्र, हे मिरजेत कुणाला सांगावं लागत नव्हतं. दुर्बीण म्हणजे शेवईसारखी एक लवचीक नळी. ती लघवीच्या वाटेने मूत्राशयात, तिथून मूत्रनलिकेतून वर चढत किडनीच्या आत जाते. टोकाला दिवा, कॅमेरा आणि लेझरचा केसासारखा तंतू. कुठे चिरा नाही, टाका नाही. खड्याचा लेझरने भुगा होतो, गाठ थराथराने जाळत आणता येते. अवघड असतो तो श्वास. माणसाने श्वास घेतला की किडनी बोटभर खाली येते, सोडला की वर जाते. आतली भिंत कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि ती सतत हलती. हात एकदा चुकला की भोक पडलं.

यंत्रांना हे काम शिकवायचा प्रयत्न खूप जणांनी केला. शेकडो सर्जनांच्या हालचाली गोळा करून यंत्राला दिल्या, आणि यंत्र सगळ्यांच्या सरासरीने चालायला लागलं. पण सरासरीचा हात कुणाचाच नसतो. एकाने जिथे घाई केली आणि दुसऱ्याने जिथे वाट पाहिली, तिथे यंत्र दोन्हींच्या मधे अडखळायचं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की शंभर हात नकोत, एकच हवा. पण तो उत्तम हवा. डॉ. श्रीरंग खासनीस पेशंटच्या श्वासाबरोबर असा वाहत जायचा की त्याच्या हाताखाली किडनी थांबल्यासारखी वाटायची. त्याच्या शेवटच्या काही वर्षांत त्याच्या हातमोज्यांत, मनगटावर, बोटांच्या पेरांवर संवेदक बसवून यंत्राने तो हात शिकून घेतला. तो कुठे सरकतो एवढंच नाही, कुठे थांबतो तेही.

तो गेला, हात उरला. आज देशातल्या बहुतेक मोठ्या रुग्णालयांत तोच हात काम करत होता. त्याच्यापुढे बाकीचे सगळे सर्जन उणे दिसायला लागले. विमा कंपन्यांनी माणसाच्या हाताने केलेल्या ऑपरेशनला नकार द्यायला सुरुवात केली. हळूहळू तरुण डॉक्टर फक्त यंत्राशेजारी उभे राहून नळी घालून द्यायचे आणि पडदा बघायचे.

हेमांगीने रात्रभर, मग आठवडाभर स्वतःची समजूत घातली. यंत्र म्हणजे यंत्र. त्यात माणूस नसतो. पुण्याहून तिच्या मुलीने, जुईने, फोनवर रडत रडत सांगितलं, "आई, बाबांचाच हात आहे. तुला तोच बरा करणार, बघ." जुई पुलांचे आराखडे करायची, भावनेत वाहणारी नव्हती. पण बापाचं नाव निघालं की तिचा आवाज ओला व्हायचा.

भूल कमरेखालीच देत. पेशंट जागा आणि शांत असला की श्वास एकसारखा राहतो, आणि श्वास एकसारखा असला की यंत्राला सोपं जातं. हेमांगी टेबलावर पडली. बाजूला मुजावर होता, समोर पडदा. नळी आत गेल्याचं तिला कळलंही नाही. पडद्यावर गुलाबी बोगदा उलगडत गेला, खडा दिसला, लेझरची ठिणगी पडली आणि खड्याचं पीठ होऊन तरंगायला लागलं. सगळं इतकं अलगद की तिला पाण्याखाली पोहल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात कानाशी आवाज आला.

"अगदी छान. आता मोकळा श्वास घ्यायचा. घाबरायचं नाही, मी आहे ना."

श्रीरंगचा आवाज. तोच खर्जातला, तोच ओढून घेणारा. यंत्राला हात देताना ते बनवणाऱ्या कंपनीने आवाजही देऊन ठेवला होता, आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री तिला स्वयंपाकघराच्या फरशीवरून उचलताना तो हेच म्हणाला होता. घाबरायचं नाही, मी आहे ना.

तिच्या छातीचा भाता झाला. कमरेखालचं शरीर मेलेलं, उठता येईना, आणि तिचा सगळा संताप श्वासात येऊन कोंबला गेला. पडद्यावर किडनी लंबकासारखी खालीवर व्हायला लागली. लेझर विझला. नळी जागच्या जागी थांबली.

"काही हरकत नाही," आवाज म्हणाला. "आपण थांबू. मला घाई नाही."

"बंद कर ते," हेमांगी म्हणाली.

"मॅडम, आवाज यंत्राच्या आतूनच आहे, मला इथून..."

"मग नळी बाहेर काढ. आत्ता काढ."

मुजावरने तिच्याकडे पाहिलं. मग वाद न घालता नळी बाहेर घेतली. खड्याचा भुगा झाला होता, गाठ तशीच राहिली होती.

दुपारी जुई आली ती तडतडतच आली.

"आई, तू अर्ध्यात उठलीस? लोक खेड्यापाड्यांतून येतात इथे बाबांच्या हातासाठी. तुझा एवढा अहंकार आहे? माणूस मेला, तरी तू हट्ट सोडत नाहीस. लहानपणापासून बघतेय. ते घटस्फोटानंतरही मला एक शब्द तुझ्याविरुद्ध बोलले नाहीत."

"कशाला बोलेल?"

"म्हणजे?"

"बस," हेमांगी म्हणाली. "बस आणि माझं संपेपर्यंत बोलू नकोस."

जुई सात वर्षांची असताना हेमांगी तिला घेऊन माहेरी आली होती. पोरीला निदान बाप तरी अख्खा मिळावा म्हणून तिने काही सांगितलं नव्हतं. सुट्ट्यांत जुई बापाकडे जायची, नवे कपडे आणि गोष्टी घेऊन यायची. आज हेमांगीने सांगायला सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज चढला नाही. वाक्यं तुटक येत गेली. आमटीत मीठ जास्त झालं तेव्हाचं. तिने पुन्हा स्पर्धेत उतरायचं म्हटलं तेव्हाचं. फ्रीजला डोकं आपटलं तेव्हाचं.

"बाबा हात उचलायचे?" जुईने विचारलं.

"हात कधीच नाही. हात फार जपायचा तो. भाजी चिरायचा नाही, दाराची कडी लावायचा नाही. हा हात माझा एकट्याचा नाही म्हणायचा. लाथ मारायचा." हेमांगीने स्वतःच्या उजव्या कुशीवर तळवा ठेवला. "ही किडनी त्यानेच मारली. बूट न काढता. तू आतल्या खोलीत झोपली होतीस. सकाळी मला इथे आणलं, वाटेत शिकवलं, बाथरूममध्ये पडले म्हणून सांग. आणि दहा वाजता हात धुऊन कुणाची तरी किडनी वाचवायला गेला. त्याची वाचवली असेलच. वाईट सर्जन नव्हता तो."

जुई रागाने म्हणाली, "मग इतकी वर्षं का नाही सांगितलंस? मी त्या माणसाच्या फोटोला..."

"तू विचारायचीस, आई, तू बाबांना का सोडलंस. बाबांनी काय केलं, असं एकदाही विचारलं नाहीस."

जुई उठून खिडकीपाशी गेली. पाठमोरी उभी राहिली. हेमांगीला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तितक्याच जोरात वाटलं की घेऊ नये. सव्वीस वर्षं एकटीने ओढलं, आता थोडा वेळ हिने ओढावं.

संध्याकाळी रुग्णालयाच्या संचालकांनी बोलावलं. डॉ. पद्माकर इनामदार, श्रीरंगचा जुना सहकारी. जुई आणि मुजावरही आत आले.

"या वहिनी, बसा."

"मला वहिनी म्हणू नका."

इनामदारांनी चष्मा काढला. "बरं. हे बघा, आवाजाचा त्रास झाला असेल तर आपण पूर्ण भूल देऊ. तुम्हाला काहीही ऐकू येणार नाही."

"म्हणजे मी बेशुद्ध पडायचं आणि त्याने माझ्यात हात घालायचा."

"तो नाही, यंत्र."

"बाहेर फोटो कुणाचा लावलाय मग? यंत्राचा लावा. समई यंत्रापुढे लावा." ती मुजावरकडे वळली. "तू कर. तुझ्या हाताने."

मुजावर म्हणाला, "मॅडम, मी खडे काढलेत, शिकत होतो तेव्हा. एवढ्या वरची गाठ एकदाच. माझा वेग त्याच्या निम्माही नाही. भिंत फाटली तर किडनी जाऊ शकते. हे मी गोड करून सांगणार नाही."

"गोड नकोच आहे मला."

"हे होणार नाही," इनामदार म्हणाले. "देशातला सर्वोत्तम हात शेजारी असताना मी एका नवख्याला परवानगी दिली तर रुग्णालयाचं मंडळ मला कारण विचारेल. काय कारण देऊ?"

"कारण तुम्हाला ठाऊक आहे. त्या सकाळी मला तुम्ही तपासलंत."

"तुम्हीच सांगितलंत की बाथरूममध्ये..."

"तुम्ही विचारलंत तेव्हा तो माझ्या उशाशी उभा होता. माझ्या कुशीवर बुटाच्या टाचेचा वण होता, इनामदार. तुम्ही त्यावर बोट ठेवून दाबून बघितलंत. फरशीला टाच असते?"

इनामदारांनी टेबलावरचा पेन उचलला आणि परत ठेवला. त्यांनी जुईकडे पाहिलं. जुईने नजर काढली नाही.

"त्याने हजारो माणसं जगवली," ते शेवटी म्हणाले. हळू म्हणाले.

"जगवली. मी नाही म्हणतेय का? त्या हजारांना त्याचं जे चांगलं होतं ते मिळालं, आणि तुम्ही ते यंत्रात भरून ठेवलंत, धुऊनपुसून. उरलेलं सगळं माझ्या वाट्याला आलं, त्याला कुठे ठेवलंत? तुम्ही तेव्हा एक वाक्य बोलला असतात तर माझी ही किडनी गेली तशीच गेली असती, पण मी पुढची दोन वर्षं त्या घरात काढली नसती. आता मंडळाला कारण हवंय ना? मीच येते. मंडळापुढे उभी राहून सांगते. कुणाकुणाला बोलवायचं ते बोलवा."

याचं उत्तर आपल्याला कधीच द्यावं लागणार नाही असं इनामदार धरून चालले होते. त्यांनी मुजावरला विचारलं, "तू तयार आहेस?"

"एक आठवडा द्या," मुजावर म्हणाला. "सरावाला."

"द्या त्याला," हेमांगी म्हणाली, जणू परवानगी तीच देत होती.

तो आठवडाभर मुजावर खोट्या किडनीवर, हलत्या फळीवर, हाताला रग लागेपर्यंत सराव करत होता. बातमी रुग्णालयात पसरली. शिकाऊ डॉक्टरांना खरं वाटेना. त्यांच्यातल्या काहींनी माणसाच्या हाताने झालेलं असलं ऑपरेशन कधी पाहिलंच नव्हतं.

पुन्हा तेच टेबल, कमरेखाली भूल. या वेळी श्रीहस्त कोपऱ्यात कापड पांघरून उभं होतं. मुजावरने नळी हातात घेतली. पडद्यावर चित्र डगमगलं, भिंतीला घासलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. ते अलगद नव्हतं. कुणीतरी अंधारात चाचपडत जिना चढावा तसं होतं. हेमांगीला कमरेत दाब जाणवत होता, पण ती पडद्यावरून नजर हटवत नव्हती.

शेवाळ दिसलं. लेझर लागला. थर निघायला लागला.

"श्वास घ्या, मॅडम. आता सोडा. पुन्हा घ्या." थोड्या वेळाने: "श्वास जरा धरला जातोय, सोडा."

"मी सोडतेच आहे," हेमांगी म्हणाली. "तू धरून बसलायस. पाण्यात नव्या पोरी असंच करतात आणि बुडतात. आधी तुझा सोड."

मुजावर थांबला. त्याचा श्वास मास्कमधून बाहेर पडलेला सगळ्यांना ऐकू आला. मग ती घ्यायची तेव्हा तोही घ्यायला लागला, ती सोडायची तेव्हा सोडायला. हात श्रीरंगसारखा झाला नाही, पण डगमग कमी झाली.

यंत्राला अर्धा तास लागला असता, त्याला दुपार झाली. शेवटी आतलं पाणी रक्ताने गढूळ झालं आणि त्याने लेझर बंद केला.

"एका कोपऱ्यात थोडं राहिलंय," तो म्हणाला. त्याचे कपडे भिजून अंगाला चिकटले होते. "दिसेना, म्हणून थांबलो. पुन्हा जावं लागेल. यंत्राने एका बैठकीत संपवलं असतं, हे तुम्हाला सांगायला हवं."

"भिंत?"

"शाबूत आहे."

"मग पुन्हा जा. आणि ती बाहेर काचेला नाक लावून उभी आहेत पोरं, त्यांना पुढच्या वेळी आत घे. नीट बघू देत."

दुसऱ्या दिवशी गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा निकाल आला. गाठ हळू वाढणाऱ्या जातीचीच होती. जुई सकाळपासून आईजवळ होती. फार बोलत नव्हती. नळीला लावलेली लघवीची पिशवी भरली की नर्सची वाट न बघता स्वतः रिकामी करून आणायची. लाल रंग आता फिकट गुलाबी झाला होता.

श्रीरंग गेल्यावर त्याच्या हाताचा, आवाजाचा आणि नावाचा हक्क जुईकडे आला होता. दर वर्षी कंपनी तिची परवानगी घ्यायची, आणि ती दर वर्षी अभिमानाने द्यायची.

"सकाळी कंपनीशी बोलले," ती म्हणाली. "आवाज काढायला सांगितला. कारण विचारलं, तेही सांगितलं. पलीकडच्या माणसाने ते दोनदा विचारून घेतलं." तिने पिशवी पुन्हा कडीला अडकवली. "हातही परत घेऊ शकते मी. सगळीकडचा. तू म्हणशील तर आज बंद होईल."

हेमांगीला खरंच ते हवं होतं. सगळीकडची यंत्रं एकाच वेळी थांबलेली, इनामदारांचा चेहरा, समई विझलेली. ते चित्र तिला गोड वाटलं, आणि तिने ते मनसोक्त पाहून घेतलं. वॉर्डच्या दारातून बाहेरचे बाक दिसत होते. एक पोटुशी बाई भिंतीला टेकून कळा सोसत बसली होती, कमरेला दोन्ही हात लावून. त्या बाळंतपणाच्या नव्हेत, मुतखड्याच्या कळा होत्या, हे स्वतः सोसलेल्या हेमांगीला लांबूनही कळलं.

"हात राहू दे," ती म्हणाली. "मुजावरसारखी चार पोरं तयार होईपर्यंत तरी राहू दे. लोकांना लागतो."

जुईचे डोळे भरून आले. "म्हणजे तू त्यांना..."

"नाही." हेमांगी वळून तिच्याकडे बघत म्हणाली. "माफ वगैरे काही केलेलं नाही, आणि मरेपर्यंत करणार नाही. तूही माझ्याकडून ती अपेक्षा ठेवायची नाहीस. हात राहू दे. नाव काढ त्याच्यावरचं."

"काय नाव द्यायचं मग?"

"नाव कशाला हवंय? काम करतोय ना, करू दे."

जुईने मान हलवली. मग फोन उचलून कंपनीचा नंबर लावला, आणि पलीकडून उत्तर येईपर्यंत आईच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.